बसाल्टमधल्या पंपिंग टेस्टच्या ‘टी’ किंमती: सरासरी नेमकी कोणती घ्यायची?

उपळी_शोधक (धागाकर्ता)

एका छोट्या पाणलोटाचं भूजल मॉडेल मॉडफ्लोमध्ये (भूजलाच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) उभं करतोय. क्षेत्र साधारण १० चौ. किमी, सगळा दख्खन बसाल्ट. वर ६ ते १० मीटर मुरूम, खाली मांजऱ्या (पोकळ्यांचा बसाल्ट) आणि काळा पाषाण (घट्ट बसाल्ट) आलटून पालटून, मध्ये एका पातळीवर गेरूचा (लाल मातकट थराचा) पट्टा. १२ पंपिंग टेस्टचे (पंपाने उपसा करून पातळीची घट मोजायची) निकाल हाताशी आहेत. ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे खडकाच्या पूर्ण भरलेल्या जाडीची पाणी वाहून नेण्याची क्षमता (पुढे नुसतं ‘टी’), चौ. मी./दिवस या एककात, चढत्या क्रमाने:

४, ७, ९, १५, १८, २६, ३१, ४४, ६०, ९५, १८०, ४१०

यातल्या ७ टेस्ट ६ मीटर व्यासाच्या विहिरींवरच्या आहेत, ५ साडेसहा इंची बोअरवरच्या. विश्लेषण सगळीकडे कूपर-जेकबच्या सरळ रेषेने (घट वेळेच्या लॉगपुढे काढून रेषेच्या चढावरून टी). शिवाय तीन बोअर कोरड्या गेल्या, त्यांची टेस्टच झाली नाही. आणि ड्रिलिंगवाल्यांच्या वहीतून ४० एक बोअरच्या ‘इतके इंच पाणी’ अशा नोंदी मिळाल्या आहेत.

प्रश्न असे:
१. साधी सरासरी ७५ येते. ती घातली की मॉडेलमधली पाणीपातळी प्रत्यक्षापेक्षा फार सपाट दिसते. ३२ च्या आसपास घातलं की छान जुळते. मग ३२ बरोबर मानायचं का?
२. कोरड्या बोअरना शून्य धरायचं की सोडून द्यायचं?
३. इंचांच्या नोंदींचा काही उपयोग आहे का?
४. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ४०० मीटरवर मोठा गोठा आहे. नायट्रेट किती दिवसांत पोचेल हे याच मॉडेलमधून काढायचं आहे. चालेल का?

---

काळापाषाण

सरासरीचा वाद नंतर घालू. आधी हे बारा आकडे एकाच गोष्टीचे आहेत का ते तपासा. मला तसं वाटत नाही.

कूपर-जेकबची रेषा विहिरीतल्या साठ्याचा परिणाम संपल्यावरच चालते. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी जो निकष घालून दिला तो असा: पंपिंगचा वेळ हा २५० गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले टी यापेक्षा जास्त हवा. टी ३० धरा. साडेसहा इंची बोअरची त्रिज्या ०.०८२५ मीटर, म्हणजे सुमारे ८२ मिनिटं. ठीक आहे, तेवढं कोणीही पंप करतं. आता ६ मीटर व्यासाची विहीर: २५० × ९ ÷ ३० = ७५ दिवस. हा निकष जरा कडक आहे हे मान्य, पण दहापट सूट दिली तरी सात-आठ दिवस सलग पंप चालवावा लागेल. आपल्याकडे विहीर तीन तासांत तळाला जाते.

मग त्या तीन तासांत तुम्ही काय मोजलंत? बहुतेक फक्त विहिरीचा आकार. सुरुवातीला पंपाचं जवळजवळ सगळं पाणी साठ्यातूनच येतं, त्यामुळे पातळी वेळेच्या सरळ प्रमाणात उतरते: घट म्हणजे विसर्ग गुणिले वेळ भागिले क्षेत्रफळ. हीच घट लॉग-कागदावर काढून शेवटच्या भागाचा चढ कूपर-जेकबच्या सूत्रात घातला की विसर्ग वर-खाली कटून जातो आणि उरतं ते एवढंच:

टी = विहिरीचं क्षेत्रफळ ÷ (४ × पाय × पंपिंगचा वेळ)

यात खडक कुठेच नाही. ६ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ २८.३ चौ. मी. तीन तास, म्हणजे ०.१२५ दिवस, पंप चालवला तर टी येते १८. दोन तास चालवला तर २७. तुमच्या यादीत १८ आणि २६ आहेतच. ते विहिरींचे असतील तर मूळ नोंदवही काढा आणि पंप किती वेळ चालला होता ते बघा. सूत्राचं उत्तर जुळलं तर तो आकडा यादीतून बाद.

विहिरींच्या डेटातून वाचवण्यासारखं असतं ते पंप बंद केल्यानंतरचं भरणं. स्लिक्टरचं सूत्र वापरा: विशिष्ट क्षमता = (क्षेत्रफळ ÷ वेळ) × नैसर्गिक लॉग (सुरुवातीची घट ÷ उरलेली घट). समजा घट ३ मीटर होती आणि १० तासांत १ मीटरवर आली: २८.३ ÷ १० × १.१ = सुमारे ३.१ घनमीटर प्रति तास, दर मीटर घटीला. हे टी नव्हे. पण सगळ्या विहिरींना एकाच मापाने मोजतं, आणि तुलना त्यावर होऊ शकते. टीच हवी असेल तर पापाडोपुलोस-कूपरचे टाइप कर्व्ह (तयार प्रमाण-वक्र) लावा, पंपिंग आणि भरणं दोन्ही एकत्र जुळवून.

दुसरं, टेस्टचा महिना. उथळ बसाल्टमध्ये टी ही जागेची स्थिर संख्या नसते. दिवाळीच्या सुमारास मुरूम आणि वरचा सांध्यांचा पट्टा भरलेला असतो, मे महिन्यात तोच रिकामा होतो आणि पाणी फक्त खालच्या मांजऱ्यातून येतं. एकाच विहिरीची ऑक्टोबरची आणि मेची टी वेगळी येणारच, कारण पाणी वाहणारी जाडीच बदलली. प्रत्येक आकड्यापुढे तारीख आणि टेस्टआधीची स्थिर पातळी लिहा. ऋतू मिसळलेली यादी घेऊन काढलेला व्हेरियन्स (आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) जमिनीचा नसतो, कॅलेंडरचा असतो.

---

लॉगनॉर्मल_लंबोदर

वरच्याशी पूर्ण सहमत. तरी पद्धत कळावी म्हणून आकडे जसे आहेत तसे धरून गणित करून दाखवतो. यादी साफ झाली की हेच पुन्हा करायचं.

टीवर थेट काम करू नका, नैसर्गिक लॉग घ्या. तुमच्या बारांच्या लॉगची सरासरी ३.४५५, व्हेरियन्स १.८५, प्रमाण विचलन १.३६. त्यावरून तीन सरासऱ्या:

हार्मोनिक (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त): १५.९
जिओमेट्रिक (लॉगची सरासरी काढून लॉग उलटवलेला): ३१.७
साधी: ७४.९

वितरण खरंच लॉगनॉर्मल (लॉग घेतल्यावर घंटेच्या आकाराचं) असेल तर साधी सरासरी ही जिओमेट्रिकच्या ‘ई’चा व्हेरियन्सच्या निम्मा घात इतक्या पट असायला हवी. ती येते ८०, प्रत्यक्षात ७५. हार्मोनिक १२.५ अपेक्षित, प्रत्यक्षात १५.९. बारा आकड्यांसाठी हे जुळणं वाईट नाही. पण बारा आकड्यांवर वितरणाचा आकार सिद्ध होत नसतो, तेव्हा फार खूश होऊ नका.

आता कोणती घ्यायची. हे वाहण्याच्या भूमितीवर ठरतं, आवडीवर नाही. पाणी एकामागून एक तुकडे ओलांडत जात असेल तर हार्मोनिक. तुकडे शेजारी शेजारी समांतर असतील तर साधी. टी सगळीकडे विखुरलेली, कुठल्याच दिशेला खास जोडलेली नाही, वितरण लॉगनॉर्मल, प्रवाह दोन मितींत आणि सरासरीने एका दिशेला, अशा स्थितीत मातेरॉं यांनी १९६७ मध्ये दाखवलं की प्रभावी टी अचूक जिओमेट्रिक सरासरीइतकी असते. तीन मितींत ती त्याहून थोडी वर जाते, व्हेरियन्सच्या एक षष्ठांशाइतक्या ‘ई’च्या घाताने, तुमच्या व्हेरियन्सला म्हणजे सुमारे १.३६ पट. तुमचं मॉडेल आडवं, एका थराचं असेल तर ३२ पासून सुरुवात करणं सयुक्तिक आहे.

पण त्या ३२ ला केवढा विश्वास आहे तेही बघा. लॉगच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १.३६ भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे ०.३९. ११ स्वातंत्र्यमात्रांसाठी स्टुडंटच्या टी-वितरणाचा गुणक (ट्रान्समिसिव्हिटीची ‘टी’ नव्हे) २.२. म्हणजे ९५ टक्के पट्टा ±०.८६, गुणाकारात २.४ पट. थोडक्यात जिओमेट्रिक सरासरी १३ ते ७५ मध्ये कुठेही असू शकते. रिपोर्टात ‘३१.७’ असं दशांश चिन्ह देऊन लिहिलंत तर तो शुद्ध दिखावा.

कोरड्या बोअर: शून्य धरू नका, शून्याचा लॉग नसतो. ०.००१ असा आकडा ठोकूनही देऊ नका, कारण मग सरासरी तुम्ही निवडलेल्या त्या आकड्यावर नाचते. सोडूनही देऊ नका, नाहीतर ‘जिथे पाणी लागलं तिथली टी’ एवढंच मोजून होतं. त्या सेन्सॉर्ड नोंदी आहेत: किंमत माहीत नाही, पण अमुकपेक्षा कमी आहे हे माहीत आहे. सोपा उपाय मध्यक. १२ टेस्टचा मध्यक २८.५. तीन कोरड्या सर्वांत खाली ठेवल्या की १५ नोंदींतली आठवी किंमत १८. त्या तिघींची नेमकी टी कळायची गरजच पडत नाही. पुढे जायचं असेल तर सेन्सॉर्ड डेटासाठीचं मॅक्सिमम लाइकलिहूड वापरा. आर या भाषेत त्यासाठी तयार पॅकेजेस आहेत. सरासरी खाली येईल आणि व्हेरियन्स वाढेल, दोन्ही खरे परिणाम आहेत.

इंचांबद्दल. ड्रिलिंगवाल्याने ९० अंशाच्या व्ही-नॉचवर (व्ही आकाराची खाच असलेला पत्रा, खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून विसर्ग काढतात) मोजलं असेल तरच ती नोंद घ्या. नुसतं कॉम्प्रेसरने उडणारं पाणी बघून सांगितलेले इंच टाकून द्या. व्ही-नॉचचा विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात १.३८ गुणिले उंचीचा (मीटरमध्ये) २.५ वा घात. मग १ इंच म्हणजे तासाला सुमारे ५१० लिटर, २ इंच म्हणजे सुमारे २,९०० आणि ३ इंच म्हणजे जवळजवळ ८,०००. इंचांची सरासरी काढणं म्हणूनच निरर्थक. १ आणि ३ इंचाच्या बोअरची ‘सरासरी २ इंच’ म्हणजे २,९०० लिटर, खऱ्या विसर्गांची सरासरी ४,२०० च्या वर. लॉग घेतल्यावर इंचांचा व्हेरियन्स ६.२५ ने गुणावा लागतो. शिवाय नोंदी अर्ध्या इंचाने गोल केलेल्या असतात, आणि १ वरून दीडवर जाताना विसर्ग पावणेतीन पट होतो. तेव्हा कमी पाण्याच्या बाजूला या नोंदी फार जाड आहेत.

यातून टी काढू नका, कारण घट मोजलेली नाही. पण ४० ठिकाणचा पसारा आणि जास्त पाण्याच्या बोअर नकाशावर कुठल्या रेषेत पडतात हे पाहायला हा डेटा चांगला आहे.

---

फट_मिलिमीटर

आकडेमोड पटली, ‘विखुरलेली, कुठल्याच दिशेला जोडलेली नाही’ हे गृहीतक पटलं नाही. वाळूच्या गाळात ते एक वेळ चालतं. बसाल्टमध्ये पाणी फटींतून जातं आणि फटींचा स्वभाव वेगळा.

दोन समांतर भिंतींमधल्या फटीची टी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. २० अंश तापमानाच्या पाण्यासाठी १ मिलिमीटर रुंदीच्या एका फटीची टी येते सुमारे ७० चौ. मी./दिवस. ०.१ मिलिमीटरची फक्त ०.०७. तुमची यादी याच हिशेबाने वाचा: टी ४ म्हणजे ०.३८ मिलिमीटरची एक फट, टी ४१० म्हणजे १.८ मिलिमीटरची. शंभरपट फरक दिसतोय तो रुंदीतल्या पाचपटीपेक्षा कमी फरकाचा आहे. खऱ्या फटी खडबडीत असतात, मध्ये झिओलाइट किंवा कॅल्साइट बसलेलं असतं, एकीऐवजी चार असतात. पण मुद्दा बदलत नाही. रुंदीच्या लॉगचा व्हेरियन्स टीमध्ये नऊपट होऊन बाहेर येतो. टीची यादी लॉगवरच का बघायची, याचं भौतिक कारण हे.

आता जोडणी. झिन आणि हार्वे यांनी २००३ मध्ये केलेलं काम इथे लागू होतं. त्यांनी तीन क्षेत्रं तयार केली, तिन्हींत लॉगच्या किमतींचं वितरण जवळजवळ सारखं आणि सहसंबंधही जवळजवळ सारखा, पण एकात जास्त पारगम्य तुकडे एकमेकांना जोडलेले, एकात कमी पारगम्य तुकडे जोडलेले, एकात मधलेच. जोडलेल्या क्षेत्राची प्रभावी पारगम्यता जिओमेट्रिक सरासरीच्या चांगली वर गेली, उलट्या क्षेत्राची खाली. हिस्टोग्रॅम आणि व्हेरिओग्रॅम (अंतरानुसार किमतींतला फरक कसा वाढतो याचा आलेख) दोन्ही सारखे असूनही.

दख्खनमध्ये जोडणी कुठे असते हे विहीर खणणाऱ्याला विचारा. लाव्हाच्या एका प्रवाहाचा फुगीर, पोकळ्यांचा माथा आणि त्यावरच्या दुसऱ्याचा तळ, या सांध्यावर झिरे लागतात. तो सांधा आडवा आणि लांबवर पसरलेला असतो. म्हणजे आडव्या दिशेत तुमची प्रभावी टी ३२ च्या वर सरकायची शक्यता जास्त. उभ्या दिशेत मात्र चित्र उलटं. ४ मीटर मांजऱ्या, के (पारगम्यता, म्हणजे टी भागिले जाडी) ५ मीटर/दिवस. त्याखाली १६ मीटर अखंड काळा पाषाण, के ०.०१. आडवी सरासरी के येते १.० आणि उभी ०.०१२५. ऐंशीपट फरक. मॉडफ्लोमध्ये आडव्या-उभ्याचं गुणोत्तर सवयीने १० ठेवलं जातं, ते इथे चालत नाही. अपवाद म्हणजे जिथे पाषाणात उभे स्तंभी सांधे मोकळे आहेत. रस्त्याच्या किंवा नाल्याच्या कापात ते दिसतात, जाऊन बघा. आणि गेरूला सरसकट अडथळा समजू नका. पाण्याचा झिरपा त्याच्या माथ्यावर अडून कडेला बाहेर पडतो हे खरं, पण तोच गेरू काही ठिकाणी चार बोटं जाडीचा असतो आणि मध्येच संपतो.

माझा सल्ला: बारा आकड्यांची एक लोकसंख्या मानूच नका. मुरुमातली विहीर, सांध्यावर पोचलेली विहीर, लिनिअमेंटवरची (नकाशावर दिसणाऱ्या भेगांच्या लांब रेषेवरची) बोअर, पाषाणातली बोअर असे गट पाडा. प्रत्येक गटात तीन-चारच आकडे उरतील, तरीही ते एकत्र मिसळण्यापेक्षा बरे. १.८५ या व्हेरियन्समधला किती भाग गटांमधल्या फरकाचा आहे ते काढा. तो मोठा असेल तर लॉगनॉर्मल ही निव्वळ दोन-तीन गटांची बेरीज असते, दुसरं काही नाही.

---

लॉगनॉर्मल_लंबोदर

गट पाडण्याला विरोध नाही. जोडणीबद्दलही बरोबर, जिओमेट्रिक सरासरी हा आरंभबिंदू आहे, शेवट नव्हे. फक्त एक: गट टी बघून पाडायचे नाहीत, खडकाच्या नोंदी बघून पाडायचे आणि मग टी बघायची. उलटं केलं की गटांतला फरक आपणच घडवलेला असतो.

आणि धागाकर्त्यांनी क्रिगिंगचा (व्हेरिओग्रॅम वापरून मोजलेल्या बिंदूंमधल्या किमती अंदाजण्याचा) विचार करू नये. १५ बिंदूंतून १०५ जोड्या मिळतात, त्या पाच-सहा अंतरांत वाटल्या की प्रत्येकात वीसेक. व्हेरिओग्रॅमला प्रत्येक अंतराला निदान ३० जोड्या तरी हव्यात असं सर्वसाधारण मानतात, आणि जवळच्या अंतराला, जिथे त्या सगळ्यांत जास्त लागतात, तिथे सगळ्यांत कमी असतात. तरी कुणी केलंच तर लॉगचा क्रिग केलेला नकाशा ‘ई’च्या घाताने उलटवल्यावर मध्यक मिळतो, साधी सरासरी नाही, एवढं लक्षात असू द्या.

---

उपळी_शोधक

खूप उपयोगी. १८ आणि २६ दोन्ही विहिरींचेच आहेत, पंपिंग अनुक्रमे तीन आणि दोन तासांचंच. यादीतून काढले.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. ३२ घातल्यावर पातळी जुळते ही साक्ष कमी आहे का? आणि नायट्रेटसाठी डिस्पर्सिव्हिटी (वाहताना विरघळलेला पदार्थ किती पसरतो याचं माप) अंतराच्या दहा टक्के, म्हणजे ४० मीटर, धरायची असं ठरवलं आहे.

---

नाल्याकाठी

पातळी जुळणं ही जवळजवळ काहीच साक्ष नाही. स्थिर अवस्थेच्या मॉडेलमध्ये पाणीपातळीचा आकार पुनर्भरण भागिले टी या गुणोत्तरावर ठरतो. पुनर्भरण दुप्पट आणि टीही दुप्पट केली तर पातळी तंतोतंत तीच येते. तुम्ही पुनर्भरणाला एक आकडा दिला आहे, त्या आकड्याला ३२ जुळले. पुनर्भरण सुमारे २.३ पट असतं तर ७५ जुळले असते. मॉडेल कॅलिब्रेट झालं असं म्हणताना लोक हेच विसरतात, आणि सॉफ्टवेअर सूचनाही देत नाही.

हा गुंता सोडवायला पातळीशिवाय एखादा प्रवाह मोजावा लागतो. दोन मार्ग. पहिला, नाल्याचा बेस फ्लो (भूजलातून नाल्यात येणारं पाणी), पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे दर आठवड्याला, जिथे नाला पाणलोटातून बाहेर पडतो तिथे. समजा १२ लिटर प्रति सेकंद मिळाला, तर तो दिवसाला सुमारे १,०४० घनमीटर, १० चौ. किमीवर पसरला तर रोज ०.१ मिलिमीटर. हा आकडा मिळाला की पुनर्भरण मोकळं राहत नाही, आणि टीही राहत नाही. त्यात सिंचनाचा उपसा मिळवायला विसरू नका. रब्बीत तो बेस फ्लोपेक्षा सहज जास्त असतो. दुसरा मार्ग, स्थिर मॉडेल सोडून काळानुसार चालणारं करा आणि ऑक्टोबर ते मेपर्यंतची पातळीची उतरण जुळवा. त्यात स्पेसिफिक यील्ड (पातळी उतरल्यावर खडकातून निथळणाऱ्या पाण्याचं प्रमाण) येते. मुरूम झालेल्या किंवा मांजऱ्या-सांध्यांच्या बसाल्टला ती १ ते ३ टक्के धरतात, त्याच्या बाहेर जाऊन आकडा जुळत असेल तर दुसरं काहीतरी चुकलंय असं समजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींपैकी एखादी तुमच्या पाणलोटात असेल तर तिची जुनी पातळी मागवा.

नायट्रेटबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं.

---

फट_मिलिमीटर

लिहितो. ‘दहा टक्के’ हा नियम नव्हे, अनेक ठिकाणचे आकडे एका आलेखावर टाकल्यावर दिसलेला ढोबळ कल आहे. त्या आलेखात एकाच अंतराला दहाच्या दोन-तीन घातांचा पसारा आहे.

सिद्धांत काय म्हणतो ते बघा. गेल्हार आणि अ‍ॅक्सनेस यांनी १९८३ मध्ये मांडलं की प्रवाहाच्या दिशेची मोठ्या पल्ल्याची डिस्पर्सिव्हिटी ढोबळमानाने लॉग-केचा व्हेरियन्स गुणिले सहसंबंधाची लांबी (जेवढ्या अंतरापर्यंत किमती एकमेकींसारख्या राहतात ते). कॅनडातल्या बोर्डेनच्या वाळूत व्हेरियन्स ०.२९ आणि आडवी सहसंबंध-लांबी २.८ मीटर, म्हणजे ०.८ मीटर, तिथल्या ट्रेसरच्या (पाण्यात खूण म्हणून सोडलेल्या पदार्थाच्या) प्रयोगात मिळालेली किंमत दहाच्या त्याच घातातली होती. म्हणजे सौम्य विषमतेत सिद्धांत चालतो. आता अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबसजवळचं मेड क्षेत्र बघा. तिथे व्हेरियन्स ४.५, आणि ट्रेसरचा मोठा भाग सोडलेल्या जागेजवळच अडकून राहिला तर थोडा पातळ भाग फार पुढे निघून गेला. घंटेच्या आकाराचा ढग तिथे झालाच नाही. कुठलीही एक डिस्पर्सिव्हिटी घालून तो आकार येत नाही. तुमचा १.८५ या दोघांच्या मध्ये आहे, आणि फटींचा खडक असल्यामुळे मी त्याला मेडच्या बाजूला ठेवीन.

वेगाचा हिशेब करून बघा. टी ३२, भरलेली जाडी ८ मीटर, तर के ४ मीटर/दिवस. उतार १०० मीटरला १ मीटर, प्रभावी सच्छिद्रता २ टक्के. वेग: ४ × ०.०१ ÷ ०.०२ = २ मीटर/दिवस. ४०० मीटरला २०० दिवस. हा सरासरी पाण्याचा वेळ झाला. दुसरं टोक: १ मिलिमीटरची अखंड फट, तोच उतार, वेग दिवसाला ७०० मीटर, म्हणजे गोठ्यापासून विहिरीपर्यंत १४ तास. चारशे मीटर अखंड फट कुठेच नसते, त्यामुळे १४ तास खरे धरू नका. पण पहिला थेंब आणि सरासरी थेंब यांच्यात एवढी मोठी दरी शक्य असताना एक ‘पोचण्याचा दिवस’ सांगणं धोक्याचं आहे. सरासरी २०० दिवस असली तरी पहिला नायट्रेट एका पावसाळ्यात पोचू शकतो, आणि गोठा हलवल्यानंतरही मुरुमात, पाषाणाच्या बंद सांध्यांत शिरलेला नायट्रेट वर्षानुवर्षं थोडा थोडा येत राहतो. शेपूट लांब असते ती यामुळे.

मॉडेलवर अवलंबून राहण्यापेक्षा मोजा. गोठा आणि विहीर यांच्या मधल्या एखाद्या बोअरमध्ये मिठाचा डायल्यूशन टेस्ट करा:

पाच-सहा लिटर पाण्यात साधं मीठ विरघळवून ते नळीने तळापासून वर येत बोअरभर सारखं सोडा. घट्ट द्रावण ओतू नका, जड पाणी खाली बसतं आणि टेस्ट खोटी पडते. चालकता मूळ पाण्याच्या दुपटी-तिपटीवर गेली की पुरे. मग दर मीटर खोलीला चालकता-मापक सोडून दर अर्ध्या तासाने नोंद. प्रत्येक नोंदीतून मूळ पाण्याची चालकता आधी वजा करा, हे राहिलं की सगळा उतार चुकतो. उरलेल्या आकड्याचा लॉग वेळेपुढे काढला की सरळ रेषा यायला हवी. साडेसहा इंची उघड्या बोअरसाठी, बोअरमुळे प्रवाह दुप्पट खेचला जातो असं धरून, डार्सी वेग (के गुणिले उतार, सच्छिद्रतेने न भागलेला) = ०.०६५ × लॉगमधली घट ÷ दिवस. सहा तासांत चालकता निम्मी झाली तर ०.०६५ × ०.६९ ÷ ०.२५ = ०.१८ मीटर/दिवस. वरच्या हिशेबात सरासरी डार्सी वेग ०.०४ होता, तेव्हा त्या खोलीवर साडेचारपट वेगाने पाणी जातंय असं समजायचं. रेषा वाकली तर बोअरमध्ये उभा प्रवाह आहे, वरच्या थरातलं पाणी खालच्या सांध्यात उतरतंय. तो निकाल फेकू नका. नायट्रेट खाली कसा गेला याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

शेवटी उत्तर एका आकड्यात देऊ नका. वेगवेगळ्या गटांतून लॉग-टी यादृच्छिक निवडून दोन-तीनशे मॉडेलं चालवा, त्यातली मोजलेल्या बेस फ्लोशी न जुळणारी काढून टाका, आणि उरलेल्यांतून ‘दहापैकी एका शक्यतेत इतक्या दिवसांच्या आत’ असं लिहा. ग्रामपंचायतीला सरासरी नको असते, तिला विहीर किती लवकर बिघडू शकते ते हवं असतं.

---

काळापाषाण

एक भर. ४१० वाली बोअर यादीतून काढू नका, पण तिचं स्टेप टेस्ट करा. फटीजवळ वेग वाढला की डार्सीचा नियम सुटतो आणि घट विसर्गाच्या वर्गाबरोबर वाढते. तीन-चार विसर्गांवर तासा-दीड तासाचे टप्पे घ्या, प्रत्येक टप्प्याची घट भागिले विसर्ग हे विसर्गापुढे काढा. रेषा आडवी असेल तर प्रश्न नाही. चढती असेल तर चढ हा विहिरीजवळच्या तोट्याचा आणि शून्य विसर्गावरचा छेद खडकाचा. तुम्ही सगळ्या टेस्टमध्ये तोटा खडकातच धरला असेल, विशेषतः विशिष्ट क्षमतेवरून टी काढली असेल, तर जास्त पाण्याच्या बोअरची टी कमी दिसते आणि व्हेरियन्स खोटा लहान होतो.

---

उपळी_शोधक

पुढच्या आठवड्यात नाल्यावर व्ही-नॉच बसवतो. पत्र्याचा करतोय, काही मापं सांगाल का?

---

नाल्याकाठी

१५ सेंटिमीटर उंचीला ९० अंशाचा नॉच १२ लिटर प्रति सेकंद देतो, तेव्हा खाचेची खोली ३० सेंटिमीटर ठेवा, वळवाच्या पावसाला जागा राहील. धार १ ते २ मिलिमीटर, खालच्या अंगाने ४५ अंशात तासलेली. खाचेचं टोक मागच्या डबक्याच्या तळापासून निदान ३० सेंटिमीटर वर आणि पडणारं पाणी पत्र्याला चिकटता कामा नये, खाली हवा खेळली पाहिजे. पट्टी खाचेवर लावू नका, तिथे पाणी आधीच उतरलेलं असतं. जास्तीत जास्त उंचीच्या चौपट मागे, म्हणजे १२० सेंटिमीटरवर खुंटी ठोकून तिच्यावर लावा आणि शून्य खाचेच्या टोकाशी पाणसळीने जुळवा. कडा काळ्या मातीने नव्हे, गोणपाट आणि शाडूने बंद करा, काळी माती सुकली की भेगाळते. दर भेटीला बादली आणि घड्याळ घेऊन एकदा ताडून बघा. पट्टीचं वाचन दोन मिलिमीटरने चुकलं तर १५ सेंटिमीटरला तीन-साडेतीन टक्के फरक पडतो, पण ५ सेंटिमीटरला दहा टक्के. एप्रिलमधले आकडे म्हणून बादलीवरूनच घ्या.